प्रसूतीचा दिनांक

जूनच्या अखेरीस मी निवृत्त झाले. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात, हजेरी आणि रजांचा हिशेब ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात माझी एकतीस वर्षे गेली. शेवटच्या आठवड्यात टेबलाचे खण रिकामे करताना सर्वांत खालच्या खणात, जुन्या मस्टरच्या पुठ्ठ्याखाली, प्रसूती रजेचा एक अर्ज सापडला. अर्ज २०१८चा होता. कागद कडांनी पिवळा पडला होता आणि टाचणीच्या जागी गंजाचा तांबूस डाग उमटला होता. ‘प्रसूतीचा दिनांक’ या रकान्यात निळ्या शाईने, शाळेत गिरवावे तशा नेटक्या अक्षरांत ‘६ सप्टेंबर २०१८’ असे लिहिलेले होते. त्या तारखेभोवती लाल पेनाने वर्तुळ काढलेले होते आणि शेजारी शेरा होता, ‘जन्मदाखल्याप्रमाणे लिहावे.’ तो शेरा माझ्या हातचा होता.

त्या तारखेला कोणाचीही प्रसूती झालेली नव्हती. गणपती बसायच्या आठवडाभर आधीच्या त्या गुरुवारी आमच्या क्वालिटी लॅबमधली एक सहकारी आणि तिचा नवरा मराठवाड्यातल्या एका संस्थेतून नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन नाशिकला परतले होते. दत्तक रजेसाठी आमच्याकडे वेगळा फॉर्म नव्हता. म्हणून तिने प्रसूती रजेचाच फॉर्म भरला आणि त्या रकान्यापाशी आल्यावर, मूल ज्या दिवशी आपल्या हातांत आले तो दिवस लिहिला. मी अर्ज परत केला. दोनच दिवसांत तिच्या नवऱ्याने दुसरा फॉर्म आणून दिला. त्यात जन्मदाखल्याप्रमाणे डिसेंबर २०१७मधली तारीख होती. त्या तारखेवरून बोटे मोजत मी खाली लिहिले, ‘बालकाचे वय तीन महिन्यांपेक्षा अधिक. नियमात बसत नाही.’ दुसरा अर्ज फाइलला लागला आणि पहिला, रद्द झालेला, माझ्या खणात राहून गेला. निरोपाची शाल आणि श्रीफळ यांच्याबरोबर तो कागद मी पर्समधून घरी आणला.

तो फाडून टाकावा असे दोनदा मनात आले आणि दोन्ही वेळा हात थांबला.

टाइम ऑफिस ही कारखान्यातली विलक्षण जागा असते. सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी पंचिंगच्या यंत्राचा एकसुरी आवाज, कपड्यांना चिकटून आलेला कुलंटचा वास, डब्यांतल्या भाज्यांचा वास, आणि काचेच्या त्या छोट्या खिडकीपाशी वाकून विचारलेला एकच प्रश्न, ‘माझी पीएल किती शिल्लक आहे?’ वीस दिवस काम केले की एक दिवस भरपगारी रजा, म्हणजेच पीएल, हे गणित आयुष्यभर माझ्या बोटांवर होते. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचे वडील दवाखान्यात आहेत, कोणाची शेती पेरणीला आली आहे, हे मला रजेच्या अर्जांवरून कळे. नियम सर्वांना सारखा लावायचा, ओळखीपाळखीने कोणाला एक दिवसही जास्त द्यायचा नाही, याचा मला अभिमान होता आणि त्या अभिमानाला कारणही होते, कारण माझ्या आधीच्या काळात साहेबांच्या मर्जीतल्या माणसांचे खाडे मस्टरवर हजेरी होऊन उमटलेले मी पाहिले होते. २०१७च्या एप्रिलपासून प्रसूती लाभ कायद्यातली प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली, तेव्हा त्याचे मराठी परिपत्रक मीच टाइप करून सूचना फलकावर लावले. असेम्ब्लीतल्या मुली जेवणाच्या सुट्टीत त्यापुढे गर्दी करून उभ्या राहिल्या होत्या. त्याच परिपत्रकात खाली एक ओळ होती. तीन महिन्यांहून लहान मूल कायदेशीर दत्तक घेणाऱ्या स्त्रीला आणि सरोगसीने, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढवून, मूल झालेल्या आईला, म्हणजे कमिशनिंग मदरला, मूल ताब्यात मिळाल्याच्या दिवसापासून बारा आठवडे. ती ओळही मी टाइप केली होती. ‘तीन महिन्यांहून लहान’ या शब्दांपाशी माझी बोटे क्षणभरही अडखळली नाहीत.

माझी स्वतःची रजा १९९६ची. त्या वेळचे बारा आठवडे, म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. सासूबाईंनी सव्वा महिना मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिले नाही. खाटेखाली शेगडी, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, तेल चोळणाऱ्या बाईंचे खरखरीत तळवे, आणि सकाळी सकाळी हातावर ठेवलेला अळिवाचा लाडू. ऑफिसातल्या मैत्रिणींनीही डबा भरभरून लाडू पाठवले होते, काही अळिवाचे, काही डिंकाचे. पंच्याऐंशिव्या दिवशी कामावर गेले तेव्हा अकराच्या सुमारास ब्लाउज ओला झाला आणि मी स्टोअरच्या मागच्या बाजूला, खोक्यांच्या थप्प्यांआड, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला दिवसातून दोन वेळा त्याला पाजण्यासाठी विश्रांती मिळते, ही तरतूद कायद्यात १९६१पासून आहे आणि मला ती पाठ होती. पण मूल सहा किलोमीटरवर होते, आणि एवढ्यासाठी अर्ज करण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. या सगळ्यातून माझ्या मनाने एक गोष्ट पक्की धरली. ही रजा शरीराची आहे. शरीर फाटते, झिजते, पाझरते आणि भरून येते, त्यासाठी ती असते. ज्या बाईचे शरीर यातून गेलेले नाही, तिला कसली रजा, असा प्रश्न मी कोणाला मोठ्याने विचारला नसता. पण लाल पेन धरलेल्या माझ्या हातात तो प्रश्न होता, हे आज मला मान्य करावे लागते.

तिची चोवीस दिवसांची पीएल शिल्लक होती. ती ५ ऑक्टोबरला संपली. त्यानंतरचे एक्केचाळीस दिवस तिने बिनपगारी काढले. ऑक्टोबरच्या पगारपत्रकात तिच्या नावापुढे पाच दिवसांचा पगार आला. दिवाळीच्या महिन्यात अर्धा. भविष्य निर्वाह निधीच्या विवरणात वर्गणी न भरलेल्या दिवसांचा एक रकाना असतो, ‘एनसीपी डेज’. त्यात ऑक्टोबरसाठी सव्वीस आणि नोव्हेंबरसाठी पंधरा हे आकडे मीच भरले. तिच्या नवऱ्याला त्याच्या कंपनीतून चार कॅज्युअल मिळाल्या होत्या. खासगी नोकरीतल्या बापासाठी त्या कायद्यात एक दिवसही लिहिलेला नव्हता. १६ नोव्हेंबरला ती कामावर आली. आमच्याकडे बाळंतीण कामावर परत आली की खिडकीपाशी बायकांचा घोळका जमतो, फोटो बघितले जातात, तब्येत विचारली जाते, कोणीतरी तिला बसायला खुर्ची ओढून देते. त्या दिवशी तिने कार्ड पंच केले, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि ती सरळ लॅबमध्ये गेली. तिला कोणी लाडू पाठवले नव्हते. मीही नाही.

रजेच्या त्या दिवसांत तिच्या घरात काय चालले होते, हे मला फार नंतर कळले. कंपनीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसू लागली आणि त्र्यंबक रोडवरच्या सिग्नलांमध्ये थोडे थोडे सांगू लागली. मुलगी रडत नव्हती. पहिले तीन आठवडे ती जवळजवळ रडलीच नाही, आणि पाहुणे कौतुकाने म्हणत, ‘किती गुणाची आहे!’ ओळीने मांडलेल्या पाळण्यांत वाढलेल्या त्या लेकराला एवढेच ठाऊक झाले होते, की दूध रडण्याने मिळत नाही, घड्याळाने मिळते. रात्री दिवा मालवला की ती डोळे सताड उघडून छताकडे पाहत राही, कारण संस्थेत रात्रभर ट्यूबलाइट चालू असे. मांडीवर घेतले की तिचे अंग लाकडासारखे ताठ होई. संस्थेतल्या ताईंनी निघताना तिच्या पाळण्यातली चादर न धुता बरोबर दिली होती आणि महिनाभर ती धुऊ नका असे बजावले होते. फिनेल, दूध आणि स्वस्त पावडर यांचा मिसळलेला तो वास तिच्या उशाशी असला तरच तिला झोप लागे. ‘मी रोज रात्री ती चादर माझ्या पोटाशी घेऊन झोपायचे, ताई,’ ती म्हणाली. ‘म्हटलं, हिला माझा वास लागायचा तर आधी मला तिचा लागू दे.’ विसाव्या की एकविसाव्या दिवशी, ती नुसती पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली असताना मुलगी पहिल्यांदा तिच्यासाठी रडली. घसा फोडून रडली. हातातला तांब्या खाली ठेवून ती ओट्यापाशी उभी राहिली आणि स्वतःही रडली. हे सांगताना बस सातपूर गावापाशी आली होती आणि आम्हा दोघींना उतरायचे होते.

तेव्हा मला वाईची आत्या आठवली. तिला मूल नव्हते. तिची धाकटी जाऊ तापाने गेली तेव्हा तिचा दोन वर्षांचा मुलगा घरच्यांनी आत्याच्या ओटीत घातला. दत्तकविधान, होम, कागद हे सगळे पुढे झाले. ओटीत घातला तो दिवस मात्र घराने दिवस म्हणून धरला. आत्याच्या सासूबाई कडक होत्या, सुनेला दुपारी पाठ टेकू न देणाऱ्या. पण त्या वर्षी लावणीला बायका कमी असतानाही त्यांनी आत्याला शेतावर जाऊ दिले नाही. कृष्णेवर धुणे न्यायचे तेही धाकट्या नणंदेकडे दिले. ‘पोराला तिचा लळा लागंस्तवर तिला कुठं धाडू नका,’ असे त्यांनी घरात सांगून ठेवले होते. वर्षभर आत्या कोणाच्या लग्नाला गेली नाही, माहेरीसुद्धा आली नाही, आणि त्यावरून माझी आजी रुसली होती, म्हणून हे सगळे मला माहीत. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईला एवढे कळत होते, की काम करणारा एक माणूस शेतातून काढून मुलाजवळ बसवावा लागतो आणि त्याचा खर्च घराने सोसायचा असतो. मी टाइम ऑफिसात बसून कायदा वाचत होते आणि मला ते कळले नव्हते.

लळ्याला किती आठवडे लागतात, हे कोणत्याच तक्त्यात लिहिलेले नाही.

मग मी त्या तीन महिन्यांचा हिशेब मांडू लागले. हिशेब हे माझे काम होतेच. टाकून दिलेले मूल सापडले तर त्याच्या आईबापांचा शोध घ्यावा लागतो. वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून येतो, पोलिसांचा अहवाल लागतो, आणि मग बाल कल्याण समिती ते मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त असल्याचे जाहीर करते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी या सगळ्याला दोन महिन्यांची मुदत आहे, त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिन्यांची. आईने स्वतः संस्थेत सोपवलेले मूल असेल तर तिला फेरविचारासाठी दोन महिने द्यावेच लागतात, आणि ते रास्त आहे. त्यानंतर मुलाची नोंद ‘कारा’ या दत्तकविषयक केंद्रीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते, वर्षानुवर्षे रांगेत असलेल्या जोडप्याला फोटो आणि वैद्यकीय अहवाल दिसतो, ते मूल राखून ठेवायला अठ्ठेचाळीस तास मिळतात, मग संस्थेत भेट, दत्तक समिती, कागदपत्रे आणि दत्तकपूर्व प्रतिपालनाचा, म्हणजे अंतिम आदेशाआधी मूल घरी नेण्याचा, करार. या सगळ्या दारांमधून तीन महिन्यांच्या आत बाहेर पडणारे मूल किती असेल? एका कायद्याने जी वाट आखली होती, ती चालून येईपर्यंत मूल दुसऱ्या कायद्याच्या मर्यादेबाहेर गेलेले असायचे. रजा कागदावर होती, पण ती घेण्याजोगी आई जवळजवळ नव्हती. २०२१मध्ये साडेचार आणि दोन वर्षांची दोन भावंडे एकत्र दत्तक घेतलेल्या एका आईने या तीन महिन्यांच्या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ती बातमी मी बसमध्ये माझ्या सहकारीला दाखवली. तिने दोनदा वाचली आणि फोन मला परत दिला. तिचे एक्केचाळीस दिवस कोणत्याही निकालाने परत येणार नव्हते.

ती केंद्र सरकारच्या नोकरीत असती तर? हा प्रश्न मला अजूनही टोचतो. केंद्राच्या रजा नियमांत एक वर्षाखालील मूल दत्तक घेणाऱ्या कर्मचारी स्त्रीला १८० दिवसांची भरपगारी रजा आहे आणि पित्याला पंधरा दिवस. तीच मुलगी, तेच नऊ महिने, तीच न धुतलेली चादर. मुलीच्या गरजेत काडीचाही फरक नसताना तिच्या वाट्याला आई किती दिवस येणार, हे आईच्या पगारपत्रकावर कोणाचा शिक्का आहे यावरून ठरत होते.

सरोगसीचे प्रकरण माझ्या टेबलावर कधी आले नाही, पण आमच्या कुटुंबात आले. माझ्या भाचीचे गर्भाशय विशीतच काढावे लागले होते. तिच्यासाठी मी कायदा पुन्हा उघडला. २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सरोगसीने मूल झालेल्या एका शिक्षिकेला प्रसूती रजा नाकारता येणार नाही असा निर्णय दिला होता, तो वाचून मला धीर आला. पण २०१७च्या दुरुस्तीत कमिशनिंग मदरची जी व्याख्या केली गेली, तिच्यात स्वतःचे स्त्रीबीज वापरणारी जैविक माता, एवढेच बसत होते. जिला दात्याचे स्त्रीबीज घ्यावे लागते ती या वाक्यात कुठेच नव्हती. पुढे २०२४च्या फेब्रुवारीत सरोगसीच्या नियमांनी वैद्यकीय कारणासाठी पती-पत्नींपैकी एकाचे बीज दात्याकडून घेण्यास परवानगी दिली, म्हणजे अशी आई होणे सरकारला मान्य झाले, पण रजेच्या व्याख्येतले स्त्रीबीज जिथल्या तिथे राहिले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मात्र फार शहाणपणाची दुरुस्ती केली. मूल पोटात वाढवणारी आणि ते घरी नेणारी, दोघींनाही १८० दिवस. एकीचे शरीर भरून यायचे असते आणि दुसरीला लळा लावायचा असतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी सरकारी नियमात पहिल्यांदा तिथे पाहिले. माझ्या बाळंतपणात त्या दोन्ही एकाच खाटेवर एकाच वेळी घडल्या, म्हणून मला त्या एकच वाटत आल्या होत्या.

आता त्या लाल वर्तुळाकडे परत येते. तारीख दुरुस्त करून घेतली ही माझी चूक नव्हती, जन्मदाखला लागलाच असता. माझी चूक शेऱ्यात आहे. ‘नियमात बसत नाही’ असे मी लिहिले आणि साहेबांनी ते वाचून सही केली, कारण टाइम ऑफिसाचा शेरा हा अखेरचा शब्द मानला जाई. कायदा किमान किती द्यायचे ते सांगत होता, त्याहून अधिक देऊ नका असे तो कुठेही म्हणत नव्हता. त्याच कायद्याच्या कलम २७मध्ये, मालकाशी करार करून स्त्री अधिक चांगल्या सवलती घेऊ शकते, असे स्पष्ट लिहिलेले होते आणि ते कलम मी वाचलेले होते. ‘कायद्याने बंधनकारक नाही, व्यवस्थापनाने विचार करावा’ इतके लिहिले असते तरी चालले असते. साहेब वाईट मनुष्य नव्हते. त्यांच्यापुढे प्रश्न म्हणून गेला असता तर कदाचित त्यांनी बारा आठवडे दिले असते, कदाचित चार दिले असते, कदाचित काहीच नाही. पण प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, कारण मी त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवले होते. माणसाला माणूस म्हणून सारखे वागवायचे, या माझ्या जुन्या हट्टातूनच हे घडले, याचे मला अधिक दुःख होते.

मुलगी आता दुसरीत आहे. दर वर्षी तिचे दोन दिवस साजरे होतात, एक डिसेंबरातला वाढदिवस आणि एक सप्टेंबरातला. सप्टेंबरातल्या दिवसाला ती ‘माझा येण्याचा दिवस’ म्हणते आणि त्या दिवशी केक कापत नाहीत, गोडाचा शिरा करतात, कारण संस्थेतून निघताना तिथल्या मावशींनी सगळ्यांच्या हातावर शिरा ठेवला होता. या वर्षी मला बोलावणे आले आहे. तो अर्ज बरोबर न्यावा की नाही यावर मी आठवडाभर विचार केला. शेवटी काल फोन करून तिला सगळे सांगितले, खणाचे, वर्तुळाचे, शेऱ्याचे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ताई, पहिलाच फॉर्म आणा. त्यावरची तारीख बरोबर आहे.’

आज संध्याकाळी अळीव नारळाच्या पाण्यात भिजत घातले आहेत. उद्या सकाळपर्यंत ते फुगून येतील. गूळ किसून ठेवला आहे, ओले खोबरे सकाळी खवणीन. वेलदोड्याचा वास मुलीला आवडत नाही, हे फोन ठेवता ठेवता तिने सांगितले, म्हणून जायफळ काढून ठेवले आहे.